जिभेवर पाळत

आमच्या मामाजींच्या समोर बसून आजवर एकाही माणसाला निर्धास्तपणे लोणच्याची दुसरी फोड मागता आलेली नाही. मागितली तर फोड मिळते, नाही असं नाही. पण ती पानात पडायच्या आत मामाजींची मान वर होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर येतो आणि उलटतपासणी सुरू होते. लोणचं कधीपासून आवडतं? आंबटासाठी आवडतं की खारासाठी? झोपेत पायात गोळे येतात का? नखं तुटतात का? बिचारा माणूस म्हणतो, ‘सहज मागितलं हो, आवडतं म्हणून.’ इथंच तो फसतो. ‘आवडगिवड काही नसते,’ मामाजी म्हणतात, ‘आंगात काहीतरी कमी हाये, अन् ते जिभेच्या तोंडून बोंबलून राह्यलं.’ मग तो माणूस सरकारी कार्यालयात सही राहिलेल्या अर्जदारासारखा गप्प बसतो आणि ताटातली लोणच्याची फोड तशीच ठेवून उठतो.

मामाजी म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मारेगावात त्यांचं बियाण्यांचं आणि खतांचं कृषी केंद्र आहे. आता तिथं त्यांचा मुलगा प्रशांत बसतो, पण चाळीसेक वर्षं तिथल्या लाकडी खुर्चीवर मामाजीच बसले होते, आणि त्यांचा हा सगळा स्वभाव त्या खुर्चीतच तयार झालेला आहे. शेतकरी यायचा तो खिशात कपाशीचं नाहीतर सोयाबीनचं पान घेऊन. मामाजी ते पान उजेडात धरायचे, उलटं करायचे, बोटानं चोळून वास घ्यायचे आणि सांगायचे. पान कडेकडेनं लाल होत चाललं असेल तर लाल्या, म्हणजे मॅग्नेशियम कमी. कोवळं पान पिवळं पण शिरा हिरव्या, म्हणजे लोह कमी. यात ते सहसा चुकत नसत, हे मी त्यांच्यावर कितीही चिडलो तरी मान्य करतो. पण पान बघून झालं की पान आणणाऱ्याकडे ते पोलिसाच्या नजरेनं बघायचे. ‘पाणी कवा देल्लं होतं? खरं सांग. पेरा कवाचा? बियाणं माह्याकडचंच का दुसरीकडून आणलं?’ शेतकरी काकुळतीला येऊन खरं सांगायचा, मग औषध मिळायचं. ‘पान खोटं बोलत नाही जवाईबापू,’ ते मला म्हणाले होते, ‘माणूस बोलते.’

प्रशांतच्या हाती दुकान देऊन मामाजी घरी बसले आणि ही शंका त्यांच्याबरोबर घरी आली. पानं यायची थांबली, तेव्हा त्यांनी माणसं बघायला सुरुवात केली. मला विचाराल तर सुरुवात त्याच्याही आधीची आहे, कारण पहिला बळी मीच होतो. लग्नानंतर पहिल्यांदा जावई म्हणून त्यांच्याकडे जेवायला गेलो. पुरणपोळी झाली, भजी झाली, आणि मी आपला घरच्या सवयीनं शेवटी गुळाचा खडा मागितला. सगळं घर कौतुकानं हसलं. मामाजी हसले नाहीत. ‘जेवल्यावर रोज लागते का गोड?’ मी नव्या जावयाच्या दिमाखात म्हटलं, ‘रोज. सवयच आहे.’ झालं. त्यांनी वीस माणसांच्या देखत माझा हात ओढून नखं बघितली, खालची पापणी अंगठ्यानं खाली ओढली, मान तिरकी करून माझे कान बघितले आणि जाहीर केलं, ‘लाल्या.’ कान रागानं लाल झाले होते हे सांगायची सोय नव्हती. त्या दिवसापासून त्या घरात प्रत्येक दिवाळीला मला फराळाच्या आधी वाटीभर तीळ आणि शिजवलेली तरोट्याची रानभाजी मिळत आली आहे. जावयाचा मान म्हणून ती चांदीच्या वाटीत मिळते, एवढंच.

त्यांच्या पद्धती ऐकल्या तर कुणालाही धडकी भरेल. आख्ख्या वऱ्हाडात पाहुण्याला जाणूनबुजून आळणी वरण वाढणारं घर ते एकच असेल. वरणात मीठ घालायचंच नाही, मीठदाणी पाहुण्याच्या हाताशी ठेवायची आणि आपण वर्तमानपत्र उघडून त्याच्या वरच्या कडेवरून बघत बसायचं, असा त्यांचा सापळा असे. कोण एक चिमूट घेतो, कोण दोन घेतो, कोण बोटं चाटतो. मामीजी होत्या तोवर त्या स्वयंपाकघराच्या दारातून पाहुण्यांना डोळ्यांनी खुणावत, ‘घ्या पण थोडंच घ्या.’ त्या गेल्यावर तो इशाराही गेला. आमच्या नात्यातल्या अनुभवी बायका मारेगावला उतरल्या की आधी बसस्टँडवरच चिंच-आवळे खाऊन, पाणी पिऊन, तोंड पुसून मग मामाजींच्या घरी जात. मी स्वतः खिशात गूळ-शेंगदाण्याची पुडी बाळगायला लागलो. एकदा तुरीच्या पेंढ्यांमागं उभा राहून ती पुडी संपवत होतो, तोच पेंढ्यांच्या दुसऱ्या बाजूनं आवाज आला, ‘आता चोरूनही खाऊन राह्यले तुमी, म्हंजे वाढलं हाये जवाईबापू!’ दुसऱ्या दिवशी तीळ दुप्पट.

लग्नाच्या पंगतीत ते जेवायला नव्हे, फिरायला जातात. वाढप्यांच्या मागं हात बांधून चालतात आणि कोण काय पुन्हा मागतं ते टिपत जातात. तेरवीच्या जेवणातसुद्धा त्यांना राहवत नाही. आमच्या एका दूरच्या आजोबांच्या तेरवीला त्यांनी रडून रडून डोळे सुजलेल्या मुलाला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस चार धीराचे शब्द बोलेल. तर म्हणाले, ‘शेवटी शेवटी काय मांगत होते खायाले?’ मुलगा हुंदका आवरून म्हणाला, ‘बर्फगोळा, मामाजी. दिवसातून तीन तीन.’ मामाजींनी डोळे मिटून मान हलवली. ‘मले सांगाले पाहिजे होतं,’ म्हणाले. त्या मुलाला अपराध्यासारखं वाटलं असणार, आणि आजोबा चांगले नव्वदीला पोचून गेले होते हे त्याला समजावता समजावता माझी दुपार गेली.

एवढा संशयी माणूस, पण एका बाबतीत मात्र त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. प्रशांतच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. सून वर्षा आर्णीकडची, शेतकऱ्याची लेक, बोलायला कमी आणि कामाला वाघीण. मामीजी गेल्यावर त्या घरात बाई म्हणून ती एकटीच. येणारा-जाणारा तिला विचारी, तिच्यासमोर उसासे टाकी, अमक्या देवाला नवस बोला म्हणून सांगे. मामाजी ऐकून घेत. फक्त एकदा त्यांच्या चुलत बहिणीनं वर्षाच्या देखत ‘जमीनच खडकाळ असन तं काय करतं कोणी’ असं म्हटलं, तेव्हा ते उसळले. ‘चाळीस वर्षं बियाणं इकलं म्या. उगवलं नाही म्हणून मानूस येते, तवा मी पहिले बियाण्यावर शंका घेतो, जमिनीवर नाही. ऊठ तू इथून!’ बहीण चहा न घेता गेली. वर्षा तोवर आत चुलीपाशी गेली होती, तिनं हे ऐकलं की नाही कळलं नाही. पण नातवंडाची आस त्यांना स्वतःला किती होती, ते कुणाच्या मुलाला कडेवर घेताना त्यांच्याकडे बघितलं की कळायचं. त्या वेळी ते मुलाची नखं बघायचेही विसरत.

गेल्या वर्षी पोळा होऊन गेल्यावर एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाज इतका खालचा की मला वाटलं, कुणाला तरी काहीतरी झालं. ‘जवाईबापू, जवळपास कोणी हाये का?’ मी शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत होतो, बाहेर आलो. ‘ऐका. वर्षा माती खाऊन राह्यली.’

इतक्या वर्षांच्या शिकवणीचा परिणाम म्हणा, मी लगेच विचारलं, ‘मग? काय कमी आहे तिच्या अंगात?’

‘कमी?’ मामाजी कधी नव्हे ते माझ्यावर भडकले. ‘तुमाले काही समजते का? सहा वर्षांनंतर बाई माती खाते ते काहून खाते? डोहाळे होय ते, डोहाळे!’

मी फोन कानापासून दूर करून त्याच्याकडे बघितलं. ज्या माणसानं सबंध तालुक्याच्या जिभेवर पाळत ठेवली, मिठाच्या चिमटीला मिठाची चिमूट म्हटलं नाही, तो माणूस आज पहिल्यांदा कशावर तरी शंका न घेता विश्वास ठेवत होता. मामाजी सांगत होते ते असं, की गोठ्याच्या भिंती पोतारायला पांढरी माती आणून ठेवलेली असते, तिच्या ढिगापाशी वर्षा दुपारची जाते आणि इकडंतिकडं बघून एक ढेकूळ तोंडात टाकते. कच्चे तांदूळही खाते. ‘प्रशांतला विचारलं का?’ मी म्हटलं. ‘कसं इचारू? तीन महिने होईस्तोर कोणाले सांगत नाहीत, तुमाले माहीत नाही का? म्हणूनच तं लपवून राह्यली. मीही मले माहीत नसल्यासारखं करतो.’ म्हणजे ती बोलत नाही हाच पुरावा, आणि ते विचारत नाहीत ही समजूतदारी. त्या घरात दोघांनी तोंडं मिटली होती आणि त्यातून मामाजींना नातू दिसायला लागला होता. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचे कान फुटतात, म्हणून त्यांनी राळेगावकडच्या एका गावाहून खास मऊ, स्वच्छ पांढरी माती मागवली होती. चष्मा लावून खडे वेचले, चाळणीनं चाळली, पाण्यात कालवून तिच्या वड्या थापून वाळवल्या आणि स्टीलच्या डब्यात भरून तो डबा काही न बोलता स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवून दिला. डबा दर दोन दिवसांनी रिकामा होत होता. ते सांगताना त्यांचा आवाज असा होता की पुढं बोलायची मला हिंमत झाली नाही.

पण फोन ठेवल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्या शाळेत आठवीत एक मुलगी खडू खायची. आम्ही तिला रागावायचो, हसायचो, आणि एक दिवस ती प्रार्थनेला उभ्याउभ्या कोसळली. तिच्या अंगात रक्तच नव्हतं. मी हे घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘तुमचं सगळं वाकडं! तिथं मामा संशय घ्यायचा थांबला, तर आता तुम्ही सुरू करा. सहा वर्षांनी चांगली गोष्ट होऊन राह्यली.’ तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मामानं तिलाच बोलावलं होतं. तिसऱ्या महिन्यात गाजावाजा न करता भरतात ती चोरओटी भरायला घरात दुसरी बाई नव्हती. तिनं हिरवी साडी घेतली, बांगड्या घेतल्या, नारळ घेतला. मीही मग काही बोललो नाही. बोललो असतो तर आठ दिवस वाचले असते, हे मी विसरत नाही.

फोननंतर आठ दिवसांनी आम्ही वणीच्या गाडीनं मारेगावला उतरलो. दुपारी जेवायला बसलो आणि पहिल्याच घासाला मी थबकलो. वरणात मीठ होतं! बेताचं, नीट, चार घरांत असतं तसं. मीठदाणी जागेवर नव्हती, वर्तमानपत्र घडी घालून ठेवलेलं होतं. मामाजी नवऱ्या मुलाच्या बापासारखे प्रसन्न बसले होते आणि मी दोनदा गूळ मागितला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. वर्षा वाढत होती. तिनं वरणाचं भांडं पुढं केलं तेव्हा मी तिचा हात बघितला. खोटं कशाला सांगू, ही नजर मला त्याच माणसानं दिलेली होती. तळवा पांढराफटक, नखं मधे खोलगट झालेली. स्वयंपाकघराला दोनच पायऱ्या, त्या चढून ती दाराची चौकट धरून थांबली, श्वास घेतला आणि मग आत गेली. ओठांना रंग म्हणून नव्हता. मी मामाजींकडे बघितलं. ते तिच्याकडे बघतच नव्हते, तिच्या पावलांचा आवाज तेवढा हसत हसत ऐकत होते.

बायको आत गेली ती अर्ध्या तासानं मागच्या दारानं बाहेर आली आणि मला खुणेनं गोठ्याकडं बोलावलं. साडीची पिशवी तशीच तिच्या हातात होती. ‘काही नाही हो तसलं,’ ती म्हणाली. वर्षाला दिवस गेले नव्हते. उलट वर्षभरापासून दर महिन्याला आठ-आठ, दहा-दहा दिवस अंगावरून जात होतं. सांगायचं कुणाला? आई आर्णीला, सासू नाही, नवरा दिवस उगवल्यापासून दुकानात. त्याला सांगितलं तर तो ‘डॉक्टरकडं जाऊ, हंगाम होऊ दे’ म्हणाला आणि हंगाम काही संपला नाही. माती खावीशी का वाटते ते तिला कळत नव्हतं. पावसात भिंतीचा वास आला तरी तोंडाला पाणी सुटायचं. ‘आणि तो डबा?’ मी विचारलं. बायकोनं पदर तोंडाला लावला. ‘तिला वाटलं, मामाला सगळं समजलं. मामा पान बघून औषध देतो ना, तसं हे तिचं औषध आहे. रोज चार वड्या खात होती बिचारी, औषध म्हणून.’

साडीची पिशवी तिनं गोठ्याच्या खुंटीला अडकवली. मग ती म्हणाली, ‘तुम्ही सांगा मामाला.’

‘मी?’

‘मग कोण? मला नाही व्हायचं. मी रडेन.’

मामाजी छपरीत बसले होते. पुढं चाळणी, चाळणीत पांढरी माती, डोळ्यांवर चष्मा. एवढ्या मायेनं त्यांना काही करताना मी कधी बघितलं नव्हतं. मी शेजारी बसलो.

‘मामाजी, ती चाळणी ठेवा जरा खाली.’

‘काहून? खडे राह्यले का?’

‘वर्षाला दिवस नाहीत.’

त्यांचा हात थांबला नाही. चाळणी आणखी दोनदा हलली. ‘तुमाले काय समजते त्यातलं?’

‘हिला सांगितलं तिनं. बाई आजारी आहे, मामाजी. रक्त जातंय वर्षभर. रक्त नाही उरलं म्हणून माती खाते. तुम्ही नखं बघितली का तिची?’

तेव्हा त्यांनी चाळणी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत माझ्याबद्दलचा सगळा जुना संशय होता. मी खोटं बोलतोय हे शोधून काढायची त्यांची धडपड चालली होती. ते सापडलं नाही. मग हळू आवाजात म्हणाले, ‘सुनेचा हात कसा पाहू, जवाईबापू?’

सबंध तालुक्याच्या पापण्या ओढून बघितल्या या माणसानं. पाहुण्यांच्या, वाढप्यांच्या, जावयाच्या. फक्त घरातल्या घरात, सहा वर्षं पदर घेऊन आपल्यापुढं भाकर वाढणाऱ्या पोरीच्या हाताकडं बघायची सासऱ्याला चोरी. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त कीव आली.

त्यांनी हाक मारली, ‘वर्षा बेटा, इकडं ये.’ ती आली, दारात खांबाआड उभी राहिली. मागं माझी बायको. मामाजी उठले, स्वतःचे दोन्ही हात पाठीमागं धरले आणि म्हणाले, ‘हात दाखव.’ तिनं घाबरत हात पुढं केला. मामाजी वाकले. हात न लावता, पाठीमागची बोटं घट्ट आवळून, चष्म्यातून त्यांनी एकेक नख बघितलं. मग वर न बघता विचारलं, ‘कवापासून?’

‘वर्ष झालं, बाबा.’

‘सांगतलं नाही कोणाले?’

‘कोणाले सांगू?’ ती म्हणाली. उद्धटपणानं नव्हे, खरंच विचारत होती.

मामाजी सरळ झाले. मग चाळणी उचलून परसात गेले. डबाही मागवून घेतला. सगळी माती त्यांनी गोठ्यामागच्या नालीत ओतली, आणि परत येऊन ओल्या डोळ्यांनी मलाच सांगत असल्यासारखं म्हणाले, ‘फाटके कपडे घालून मानूस दुकानात येते, तं त्याले मी सत्रा सवाल करतो. पाणी कवा, पेरा कवा. हिले एक नाही इचारला. काहून, तं मले नातू पाहिजे होता.’ एवढं बोलून ते आत गेले आणि टोपी घालून बाहेर आले. दवाखान्यात जायचं होतं, आत्ता, याच घटकेला. दुकान बंद करून प्रशांतला बोलावलं, आणि हंगामाच्या नावानं त्याला जे काही ऐकवलं ते इथं लिहिण्याजोगं नाही.

डॉक्टर बाई तरुण होत्या. तपासणीचा कागद बघून त्यांनी कपाळाला हात लावला. ही मुलगी चालत कशी आली, असं त्यांनी दोनदा विचारलं. रक्ताची बाटली चढवावी लागली. गर्भपिशवीत एक लहानशी गाठ होती, तिच्यामुळं सगळं चाललं होतं. औषधानं आटोक्यात येईल म्हणाल्या. ‘इतके दिवस घरात काय करत होते तुम्ही लोक?’ एरवी डॉक्टरांशी हुज्जत घालण्यात मामाजींचा हात कुणी धरला नसता. ते सरळ म्हणाले, ‘मी माती चारत होतो.’ बाईंनी हातातला कागद खाली ठेवला. मग मात्र त्यांचा आवाज खाली आला. त्यांनी समजावून सांगितलं, की जिभेचे चोचले बहुतेक वेळा नुसते चोचलेच असतात, त्यामागं काही शोधायला जाऊ नये. पण माती, खडू, राख, कच्चे तांदूळ, बर्फ असलं काही कुणी हावऱ्यासारखं खात असेल तर हसू नये, डोहाळे म्हणून गप्पही बसू नये. रक्त तपासावं. डोहाळे असले तरी तपासावं. मामाजींनी विचारलं, ‘म्हंजे गुळाचं काही नाही?’ ‘गुळाचं काही नाही आजोबा, आवडतो म्हणून खातात.’ मामाजींनी एकवार माझ्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. इतक्या वर्षांच्या तिळाची भरपाई मागण्याची ती वेळ नव्हती.

हिरवी साडी माझ्या बायकोनं परत आणली नाही. दवाखान्यातून वर्षा घरी आली त्या दिवशी तिनं ती वर्षाच्या अंगावर घातली, बांगड्या भरल्या आणि ओटीही भरली. कशाची म्हणून कुणी विचारलं नाही.

त्यानंतर लोहाची इंजेक्शनं घ्यायला मामाजी स्वतः वर्षाला घेऊन जाऊ लागले. प्रशांत म्हणे, मी नेतो. पण ते ऐकत नसत. एकदा मी मारेगावात होतो, त्यांच्याबरोबर गेलो. इंजेक्शनचा दिवस आणि गरोदर बायांच्या तपासणीचा दिवस एकच. सगळी पडवी पोटुशा पोरींनी आणि त्यांच्या आया-सासवांनी भरलेली, आणि त्यांच्या मधोमध एका बाकावर टोपी, धोतर घातलेला हा एकटा पुरुष, मांडीवर सुनेची पर्स आणि हातात तिचा कागद धरून. शेजारी बंजाऱ्यांच्या तांड्यावरची एक म्हातारी बसली होती, हातभर पांढऱ्या बांगड्या, नातीला घेऊन आलेली. तिनं मोठ्या हौसेनं विचारलं, ‘कितवा महिना हाये तुमच्या सुनेले?’

मी घाबरून मामाजींकडं बघितलं. त्यांनी क्षणभर समोरच्या बंद दाराकडं बघितलं.

‘महिना नाही, याडी,’ ते म्हणाले. त्यांच्या दुकानात तांड्यावरची माणसं येत, म्हातारीला आई म्हणायचा तांड्यावरचा शब्द मामाजींना ठाऊक होता. ‘लेकरू नाही. सूनच हाये. तिलेच घेऊन आलो.’

म्हातारीनं त्यांच्याकडं जरा निरखून बघितलं, मान डोलावली आणि पुढं काही विचारलं नाही. मीही दुसरीकडं बघायला लागलो, कारण माझ्या डोळ्यांचा काही भरवसा नव्हता.

थोड्या वेळानं दार उघडून वर्षा बाहेर आली. हाताच्या शिरेवर कापूस धरलेला, चेहरा थकलेला, पण ओठांवर थोडा रंग आलेला. पडवीत बसायला जागा नव्हती. मामाजी उठून उभे राहिले आणि आपल्या जागेकडं हात करून म्हणाले, ‘बस बेटा इथं. दम घे, मंग जाऊ.’ सासऱ्यासमोर सून बसत नाही. सहा वर्षांत ती कधी बसली नव्हती. तिनं त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग पदर सावरला आणि बसली. मामाजी तिच्या शेजारी पर्स धरून उभे राहिले.